हातासकट फोटो

पिंपरी, शनिवार

प्रिय मोनिका,

पाकीट हातात पडल्यावर तू आधी हसली असशील. मोशीत राहतेस, रिक्षा मिळाली तर अर्ध्या तासात इथे येतेस, दिवसातून दोनदा आपलं व्हॉट्सॲप चालतं, आणि ही बया कुरिअरने पत्र पाठवते म्हणजे हिचं डोकं फिरलंय. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस गं. मी एक वाक्य बोलते, तू त्यावर तीन बोलतेस, आणि शेवटी कुकरची शिट्टी झाली म्हणून ठेवून देतेस. पत्रात ती सोय नाही. तेव्हा चहा करून घे, चष्मा शोध आणि नीट बसून वाच. आत एक लहान पाकीट आहे, चिकटवलेलं. ते पत्र संपल्यावर उघड, आधी नको. तुला धीर नाही हे मला आठवीपासून माहीत आहे, तरी सांगून ठेवते.

मंगळवारचा तुझा फोन अजून माझ्या कानात आहे. प्रज्वलला पर्मनंटचं पत्र आलं, महिनाअखेर सही करून द्यायची, आणि हा म्हणतो की सही करणार नाही, फोटोग्राफी करणार. तू रडत नव्हतीस, चिडली होतीस. म्हणालीस, "रुपा, हे खूळ तूच त्याच्या डोक्यात भरलंस, आता तूच काढ. तुझ्या धंद्यात काही राम नाही हे तुझ्या तोंडून ऐकलं तर तो ऐकेल." मग ती हातचं सोडून पळत्याच्या पाठीमागे लागण्याची म्हणही ऐकवलीस. तुझं चुकत नाही. आपल्याकडे पर्मनंट या शब्दाला काय वजन आहे ते मला कळतं. केस पिकले तरी कॉन्ट्रॅक्टवरच असलेली माणसं माझ्याकडे गेटपासाचे फोटो काढायला येतात, आणि दर वेळी नवा ठेकेदार, नवा पास. मुलीचे वडील पत्रिका बघायच्या आधी विचारतात, मुलगा पर्मनंट आहे का. अशात हातात आलेलं पत्र पोरगं बाजूला सारतंय म्हटल्यावर कुठलीही आई चिडेलच.

मी बोलते म्हणाले आणि बोलले. परवा गुरुवारी त्याच्या कंपनीला सुट्टी होती, नेहमीसारखा तो स्टुडिओत आला, तेव्हाच बोलले. काय झालं ते सांगायलाच बसलेय. पण त्याआधी थोडं माझ्या कामाबद्दल ऐकावं लागेल, कारण इतक्या वर्षांची मैत्रीण असून तू एकच म्हणत आलीस, की समोर बसलेल्या माणसाचा फोटो काढायला असं काय लागतं.

आमचे अण्णा वाईहून आले आणि पिंपरी कॅम्पातल्या मागच्या गल्लीत त्यांनी स्टुडिओ टाकला, ते तू पाहिलंस. मी तिथे कशी बसायला लागले ते मात्र तुला धड माहीत नसेल. त्या वेळी मारुंजी, वाकड, ताथवड्याच्या बायका बाजाराला पिंपरीत यायच्या. निवडणुकीचं ओळखपत्र, बँकेचं पुस्तक, कशाला ना कशाला फोटो लागायचा. पण डोक्यावरचा पदर मागे घ्या म्हणून परक्या पुरुषाने सांगायचं, हे त्यांना नको असायचं. अण्णा बिचारे पडद्यामागे जाऊन उभे राहायचे. मग एकदा त्यांनी माझ्या हातात कॅमेरा दिला आणि स्वतः बाहेर जाऊन उसाचा रस पीत बसले. बायकांची रांगच लागली. अण्णा म्हणायचे, गिऱ्हाईक घाईत असलं तरी आपण घाई करायची नाही, घाईतला फोटो पासावर चालतो, भिंतीवर चालत नाही. हे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचे, म्हणून रांगेतली माणसं वैतागायची.

मी कुणालाही "हसा" म्हणत नाही, हे तू पाहिलं असशील. हसा म्हटलं की माणूस दात दाखवतो, आणि नुसत्या दातांवरून कुणाची ओळख पटत नाही. मी एक प्रश्न विचारते. घरी कोण वाट बघतंय? बस्स, एवढाच. माणूस उत्तर देतो तेव्हा मी बटण दाबत नाही. उत्तराच्या आधी तो क्षणभर आत जातो, घराचं दार उघडून बघून येतो म्हण ना, तेव्हा दाबते. हे मला कुणी शिकवलं नाही. मारुंजीच्या गोजाबाईमुळे लागलेली सवय आहे. म्हातारी आली ती बसायला तयार नाही, सारखी दाराकडे बघतेय. मी वैतागून म्हटलं, आजी, घरी कोण वाट बघतंय एवढं? तिने माझ्याकडे असं पाहिलं, आणि माझं बोट आपोआप पडलं. मग म्हणाली, "म्हस वाट बघती, दुसरं कोन? तिला दुसऱ्याचा हात चालत न्हाई." तो फोटो आजही माझ्या काउंटरच्या काचेखाली आहे. तिचे नातू आता जमिनी विकून भाड्याच्या इमारती बांधून बसलेत, पण आजीचा फोटो कुणाला हवा असला की माझ्याकडेच येतात.

लोक मला विचारतात, ताई, तुम्हाला चेहरा बघून माणूस कळत असेल ना? मी हो म्हणते, कारण धंद्याला बरं असतं. खरं सांगू का, चेहऱ्यावरून मला काही कळत नाही. देवभोळ्या चेहऱ्याची लबाड माणसं पाहिली आणि राकट तोंडाचे पाघळणारे बाप पाहिले. मला जे काही कळतं ते दोन फोटोंच्या मधल्या वेळात. बायकोचा पदर सरळ करणारा नवरा वेगळा आणि "लवकर आवर" म्हणून घड्याळ बघणारा वेगळा. पोराला पुढे ढकलून स्वतः मागे होणारी आई, पडलेली पिन उचलून देणारा साहेब. वाकडचे एक दादासाहेब वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी फोटो काढायला आले होते, गळ्यात साखळ्या, डोळ्यांवर गॉगल, सोबत पाच-सहा भावा-राव म्हणणारे. गॉगल काढा म्हणायची सोय नव्हती. मी आपला नेहमीचा प्रश्न टाकला. सोबतचे हसायला लागले तसं त्या माणसाने त्यांना बाहेर जा म्हटलं, गॉगल त्याने स्वतःच काढला. फ्लेक्सवर अर्थातच गॉगलवाला गेला. पण दुसरा फोटो तो मागून घेऊन गेला आणि खिशात ठेवताना मला म्हणाला, हा कुणाला दाखवू नका ताई. आता हिंजवडीची पोरं-पोरी येतात, कंपनीच्या प्रोफाइलसाठी. सगळ्यांना हाताची घडी घालूनच उभं राहायचं असतं. घडी घातली की आत्मविश्वास दिसतो असं त्यांना कुणीतरी शिकवलंय. मी घालू देते. मग प्रश्न विचारते, आणि बहुतेकांची घडी आपोआप सुटते.

या कामाने मला गाडी-बंगला दिला नाही. गल्लीतले निम्मे स्टुडिओ आता मोबाइल दुरुस्तीची दुकानं झालेत. लग्नाच्या कामाला ड्रोनवाली पोरं जातात, माझ्याकडे पासपोर्ट साइझ आणि म्हातारी माणसं उरलीत. पण सकाळी शटर वर करताना मला कधी नको वाटलं नाही, मोने. ताप असताना वाटलं असेल एखादवेळी. रोज नवं माणूस समोर येऊन बसतं आणि एक क्षण आपल्याला त्याच्या घरात डोकावू देतं, आणखी काय पाहिजे? आमच्या ह्यांनी पस्तीसेक वर्षं सिटी बस चालवली, तीही मनापासून. पण निवृत्त झाल्यावर त्यांनी परत बसकडे वळून पाहिलं नाही. मला निवृत्त करायचं तर शटर पाडून आत कोंडावं लागेल.

आता खंडेनवमीकडे येते. तुला ठाऊक आहे, वर्षभरातलं माझं सगळ्यात आवडतं काम ते. इतर दिवशी कंपनीत मोबाइल न्यायचा म्हटलं तरी गेटवर कॅमेऱ्यावर स्टिकर चिकटवतात, आणि त्या एका दिवशी बायको-पोरांना आत सोडतात, मशीनला झेंडूच्या माळा, कुंकवाचं स्वस्तिक, नारळ. घरच्यांनी कधी न पाहिलेलं ते जग. स्टिकर तेव्हाही असतंच, म्हणून फोटो फक्त माझ्या कॅमेऱ्यातून. भोसरीला सुजितभाऊंच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबायच्या त्या अवाढव्य मशिनींत, मी किती वर्षं गेले असेन, तूच सांग. तुझा नवरा फोटोच्या बाबतीत काय नग होता, आठव. तुमच्या लग्नाच्या अल्बममध्ये तो फासावर जायला निघाल्यासारखा उभा आहे. प्रज्वलच्या बारशाला तसाच. माझ्या स्टुडिओत माझा तो जगप्रसिद्ध प्रश्न विचारला, तर म्हणाला, वहिनी, कोण वाट बघणार, ही काय शेजारीच बसलीय. पण खंडेनवमीला प्रेसशेजारी उभा राहिला की गडी बदलायचा. तुम्ही दोघं शेजारी, आणि त्याचा उजवा हात प्रेसच्या खांबावर. पंजा अख्खा टेकवलेला, बैलाच्या पाठीवर ठेवतात तसा. सगळेच ठेवतात बरं का. मला सांगावं लागत नाही. मशीन ज्याचं, त्याचा हात आपोआप त्यावर जातो. लातूरकडून, बीडकडून आलेली ही माणसं, घरी बैल राहिले नाहीत, पण हाताची सवय गेली नाही.

मग तो गेला. सुट्टीच्या दिवशी, दुपारचं जेवून आडवा झाला आणि गेला. तुझा दीर दहाव्यासाठी फोटो करून घ्यायला माझ्याकडे आला तेव्हा एकट्या सुजितभाऊंचा धड असा एकही फोटो कुणाकडे नव्हता. मी शेवटच्या खंडेनवमीचा फोटो काढला आणि आमच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे केलं. खांद्यापर्यंत कापला, मागचं मशीन पुसून निळा पडदा टाकला, कॉलर सरळ केली. लोकांनी चांगला आलाय म्हटलं. तू पाहिलास आणि एवढंच म्हणालीस, "हे नाहीत हे." दहावा-तेरावा झाला आणि तू ती फ्रेम कपाटात ठेवलीस, ती आजपर्यंत भिंतीवर आली नाही. मला वाटलं तुला बघवत नसेल. त्या घरात मग त्याचं नाव घ्यायचंच बंद झालं. मीसुद्धा घेतलं नाही, तुला त्रास नको म्हणून.

त्यानंतर काही महिन्यांनी प्रज्वल माझ्याकडे आला. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होता तेव्हा. उन्हातून चालत आला होता, पाणी प्यायला आणि म्हणाला, काकू, पप्पांचा तो फोटो पूर्ण आहे का, हातासकट? मोने, मी आजवर दहाव्याचे इतके फोटो केले, किती जणांचे हात कापले असतील. कुणीही तो हात परत मागायला आलं नव्हतं. मी कॉम्प्युटरवर अख्खा फोटो काढून दाखवला. तो बराच वेळ बघत बसला आणि मग त्याने मला असं काहीतरी विचारलं, की हात दिसला की पप्पांचा चेहराच वेगळा दिसतो, असं का? ज्याला हा प्रश्न पडतो त्याला डोळा आहे, एवढं मला त्या दिवशी कळलं. खूळ मी भरलं म्हणतेस ना, ते असं. पोरगं घेऊनच आलं होतं. मी फक्त गुरुवारी दार उघडं ठेवलं.

चाकणला ट्रेनी लागल्यावरही तो गुरुवार चुकवत नाही, हे तुला माहीत आहे. तुला वाटायचं काकूकडे बसतो, टवाळक्या करण्यापेक्षा बरं. तो बसायचा नाही गं, काम करायचा. लाइट लावायचा, म्हाताऱ्यांना हात धरून स्टुलावर बसवायचा, आणि मग जुना कॅमेरा घेऊन मागच्या गल्लीत उभा राहून हमालांचे, भाजीवाल्या मंजुळाबाईचे फोटो काढायचा. सुरुवातीला भयंकर काढायचा, ते पण सांगते. सगळ्यांची डोकी मधोमध. हळूहळू त्याला थांबायला यायला लागलं. थांबता येणं हीच या कामातली अवघड गोष्ट आहे, बाकीचं कॅमेरा करतो.

या वर्षी त्याच्या कंपनीने खंडेनवमीला मलाच बोलावलं. तू आलीस, मोरपंखी साडी नेसून, कितीतरी वर्षांनी. प्रज्वलने तुला त्याचं मशीन दाखवलं, मी तुमच्या दोघांचा फोटो काढला. तू तो फ्रेम करून टीव्हीच्या वर लावलास. आता उठून तो जरा बघून ये. सगळं बरोबर आहे, माळ आहे, नारळ आहे, प्रज्वल हसतोय सुद्धा. त्याचे हात बघ. दोन्ही हात तुझ्या खांद्यांवर आहेत. एकही मशीनवर नाही. मी इतकी वर्षं ते फोटो काढतेय, असं मी पाहिलेलं नाही. काढताना माझ्याही लक्षात आलं नाही, घरी येऊन कॉम्प्युटरवर बघितल्यावर आलं. तो काम वाईट करतो असं नाही, त्याचे साहेब मला त्याच दिवशी त्याचं कौतुक सांगत होते. पण ते मशीन त्याचं नाही.

आता परवाचं सांगते. मी शब्द दिला होता म्हणून सगळं बोलले. बोनस नाही, पीएफ नाही, कँटीन नाही, आजारी पडलास तर शटर खाली, असं सगळं बोलले. पासपोर्टचे फोटो काढून काढून मान धरते म्हणाले. मुलगी कोण देईल हेसुद्धा म्हणाले, म्हणजे तुझं म्हणणं तुझ्याच शब्दांत पोचवलं. त्याने सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही बोलला नाही, त्या बाबतीत तो तुझ्यावर गेलेला नाही. तो स्टुलावर बसला होता आणि सवयीने माझ्या हातात कॅमेरा होता. माझ्याकडचं बोलणं संपलं, तेव्हा दुसरं काही सुचेना म्हणून मी विचारलं, घरी कोण वाट बघतंय?

तो विचारात पडला. बटण दाबायची तीच वेळ होती. माझ्याने दाबवलं नाही.

म्हणाला, "आई बघते ना काकू. पण माझी नाही." मग खाली बघून हळूहळू बोलला. "पहिली पाळी सुटून बस येते तेव्हा ती दाराशीच बसलेली असते. दार उघडते आणि आधी युनिफॉर्मकडे बघते, पप्पांचाही असाच होता. शर्टाकडे, बुटांकडे. मग वर माझ्या तोंडाकडे बघते, आणि तिचा चेहरा उतरतो. रोज. तिला कळतही नसेल." मी कॅमेरा बाजूला ठेवला. तसा तो म्हणाला, "मला फोटोच काढायचेत, ते खरंय. पण युनिफॉर्म टाकला तर ती कुणाची वाट बघेल? म्हणून सही करवत नाही आणि सोडवतही नाही."

मला रडू आलं, मोनिका. त्याच्यासमोर नाही, तो गेल्यावर. तू मला फोनवर सांगितलं होतंस की पोरगं आईचा विचार करत नाही. अगं, तो त्याखेरीज दुसरं काही करतच नाहीये. बापाच्या पाळीला जातो, बापाच्या वेळेला येतो, बापासारखा डबा वाजवत जिना चढतो म्हणे, कारण त्या आवाजावर तू उठतेस. हे तो तुला कधीही सांगणार नाही. मी सांगते म्हटलं असतं तर नको म्हणाला असता, म्हणून मी त्याला विचारलंच नाही.

आता ते लहान पाकीट उघड. आत दोन फोटो आहेत, ते टेबलावर शेजारी शेजारी ठेव. पहिला सुजितभाऊंचा शेवटच्या खंडेनवमीचा, न कापलेला, हातासकट. "हे नाहीत हे" म्हणाली होतीस, ते बरोबर होतं. मी तुला अर्धाच माणूस दिला होता, हा घे पुरा. दुसरा या वर्षीचा, चाकणचा. मी साहेब लोकांचा ग्रुप लावत होते आणि दुसरा कॅमेरा प्रज्वलकडे दिला होता. तू कधीतरी गर्दीतून निघून शेजारच्या शेडमध्ये गेलीस, तिथे सुजितभाऊंचा होता तसलाच हिरवा प्रेस उभा होता. कुणी नाही असं बघून तू त्याच्या खांबावर हात ठेवलास. पंजा अख्खा टेकवून, अगदी तिथेच, जिथे ते ठेवायचे. मी हाकेच्या अंतरावर होते, मला दिसलं नाही. त्याला दिसलं, आणि तो थांबला, आणि त्याने एकच फोटो काढला. आईला दाखवू नका म्हणाला होता, तिला वाटेल मी चोरून बघितलं. आजवर मी काढलेला कुठलाही फोटो याच्या जवळपास येत नाही, हे मी तुझी मैत्रीण म्हणून नाही, अण्णांची मुलगी म्हणून सांगते.

या धंद्यात राम नाही, असं मी त्याला सांगू शकत नाही, ते या फोटोमुळे. पण सही कर किंवा करू नकोस, हेही मी सांगणार नाही, ते तुम्ही दोघं बसून ठरवा. महिनाअखेरीला अजून वेळ आहे. पहिला फोटो भिंतीवर लाव, आता लावता येईल असं मला वाटतं. त्यांची वाट बघायची तर त्या फोटोसमोर बस, हवं तेवढं रड, भांड, मलाही बोलाव. मी हे सगळं लिहिलं ते तुला फक्त एक काम सांगायला. पुढच्या वेळी तो पहिल्या पाळीवरून येईल आणि तू दार उघडशील, तेव्हा आधी त्याच्या तोंडाकडे बघ. नाक तुझं आहे त्याचं, सुजितभाऊंचं नाही, तुझ्या ते कधी लक्षात आलंय का कुणास ठाऊक. युनिफॉर्म नंतर बघ, तो काय, धुवायलाच टाकायचा असतो.

तुझीच,
रुपाली